बाळ ७ महिन्यांचं झालं, पोट अजून तसंच. वैशाखात दिराचं लग्न आहे

पारोळ्याची लेक

नमस्कार ताईंनो. माहेर पारोळा तालुक्यात, सासर चोपड्याकडे, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मुलगी ७ महिन्यांची आहे. सिझर झालं होतं. लग्नात माझं वजन ५६ किलो होतं, नवव्या महिन्यात ७४, आज ६९. बाळंत झाल्यावर पहिल्या काही दिवसांत जे उतरलं तेवढंच. नंतर काटा हलला नाही.

वजनापेक्षा पोटाचं जास्त आहे. उभी राहिले की पाचवा महिना असल्यासारखं दिसतं. सकाळी जरा बरं असतं, संध्याकाळी शाळेतून येईपर्यंत फुगलेलं. पलंगावरून उठताना बेंबीच्या वर मधोमध लांबट उंचवटा येतो, उठून बसले की जातो. टाक्यांच्या वर एक घडी पडते, तिथं हात लावला तरी नीट कळत नाही, बधिर वाटतं. कंबर दुखते. केस मुठीनं गेले. आणि थकवा असा की दुपारच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवलं की झोप लागते.

दिराचं लग्न वैशाखात, आखाजीनंतरच्या (अक्षय्य तृतीयेनंतरच्या) आठवड्यात आहे. घरातली मोठी सून म्हणून सगळीकडे पुढं मीच असणार. लग्नातले ब्लाउज काढून पाहिले. शिंप्याने आत ठेवलेली माया आधीच उसवून झालीय, आता त्यात काही उरलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी सगळ्यांसमोर माझ्या पोटाकडे बघून विचारलं, "दिवस गयात का व आखो?" म्हणजे पुन्हा दिवस गेले का. बायका हसल्या. मी वाण घेतलं, घरी आले आणि मुलीला पाजताना रडले. बसमध्येही एकदा एका आजींनी मला बघून जागा दिली. त्यांचं मन चांगलं होतं, पण मला दिवसभर ते सुचू देईना.

आता घरचं सांगते. आई अजून माहेरून डबा भरून डिंकाचे आणि मेथीचे लाडू पाठवते. सासूबाई म्हणतात, खाणं कमी केलंस तर दूध आटेल. शेजारच्या ताई एक पावडर विकतात, दोन वेळचं जेवण सोडून ती दुधातून घ्यायची, महिन्यात ५ किलो उतरतात म्हणतात. मोबाईलवर पोटाचे व्यायाम बघून मी रात्री झोपून उठाबशा सुरू केल्यात, त्यानं कंबर आणखी धरते.

माझे प्रश्न: पावडर घ्यावी का? पट्ट्याचा उपयोग होतो का? लग्नापर्यंत किती कमी होईल? आणि एक, जे घरात कोणाला विचारता येत नाही. तुम्हाला स्वतःचं अंग परत आपलं कधी वाटलं? मुलीच्या उष्टावणाच्या फोटोत मी एकाच ठिकाणी आहे, तिथंही तिला पोटासमोर धरलंय. हे काही बोलत नाहीत, उलट जवळ येतात, पण मीच दिवा बंद करायला लावते. असं किती दिवस चालणार?

रावेरकर वहिनी

पावडर अजिबात नको. अंगावर पाजतेस ना? मग दोन वेळचं जेवण सोडायचा प्रश्नच येत नाही. त्या डब्यात काय काय आहे हे विकणाऱ्या ताईंनाही ठाऊक नसतं. वजन उतरवायच्या गोळ्या, काढे, सगळ्याला माझं हेच उत्तर.

आणि केळं खा. आमचं घर केळीच्या बागायतीतलं, तरी बाळंतिणीला केळं देत नाहीत, बाळाला सर्दी होते म्हणून. आईच्या केळं खाण्यानं बाळाला सर्दी होत नाही, सर्दी विषाणूनं होते. एका मध्यम केळ्यात १०० च्या आसपास कॅलरी असतात, शाळेत चार वाजता भूक लागली की बिस्किटाच्या पुड्यापेक्षा ते केव्हाही चांगलं.

बाकी उंचवट्याचं मला कळत नाही, ते कोणीतरी जाणकार सांगेल. पण त्या उठाबशा तोवर थांबव.

फिजिओ, धुळे

ताई, वहिनींनी बरोबर सांगितलं, त्या उठाबशा आजपासून बंद करा. मी धुळ्यात फिजिओथेरपी करते, बाळंतिणी बऱ्याच येतात, आणि तुम्ही लिहिलेला उंचवटा वाचूनच मी हे लिहायला बसले.

पोटावर बरगड्यांपासून खाली जाणारे दोन उभे स्नायू असतात, डावा आणि उजवा. मधे त्यांना जोडणारी पांढऱ्या तंतूंची पट्टी असते. गरोदरपणात गर्भाशय वाढतं तशी ही पट्टी ताणून रुंद होते आणि स्नायू एकमेकांपासून लांब जातात. हे गरोदरपणात बहुतेकींना थोडंफार होतंच. पुष्कळ जणींमध्ये बाळंतपणानंतरच्या ८ आठवड्यांत अंतर बरंचसं कमी होतं, काहींचं राहतं. राहिलं तर पोट पुढं दिसतं, दिवसभर उभं राहिल्यावर जास्त दिसतं, कंबरेला आधार कमी पडतो. म्हणजे तुम्ही ज्याला चरबी समजताय त्यातला काही भाग चरबीच नाही. उपाशी राहून तो कमी होणार नाही.

घरी असं तपासा. उताणं झोपा, गुडघे वाकवून पाय टेकलेले. एका हाताची बोटं जुळवून, टोकं पायांकडे करून बेंबीच्या जरा वर ठेवा. डोकं आणि खांदे थोडेसे उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांना लागतील. मधे किती बोटं बसतात ते बघा. बेंबीवर आणि बेंबीच्या खालीही बघा. दोन बोटं किंवा त्याहून जास्त असेल, किंवा बोट खोल जात असेल, तर प्रत्यक्ष फिजिओला दाखवा. बेंबीपाशी मऊ गोळा येऊन दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, तो हर्नियाही असू शकतो.

तोवर करायचं ते साधं आहे. उताणं झोपून नाकानं श्वास घ्या, पोट वर येऊ द्या. तोंडानं हळू सोडताना बेंबी आत पाठीकडे ओढा, आणि त्याच वेळी लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळा. श्वास संपला की सगळं सोडून द्या. हे जमलं की याच श्वासाबरोबर एक टाच जमिनीवरून घसरवत पाय लांब करा आणि परत आणा, मग दुसरा पाय. नंतर कंबर जमिनीला चिकटवणं, मग नितंब उचलून पूल करणं. करताना पोटाकडे नजर ठेवा. मधे उंचवटा आला तर तो व्यायाम आत्ता तुमच्यासाठी जड आहे, एक पायरी मागं या. पूर्ण उठाबशा, दोन्ही पाय एकदम उचलणं, जास्त वेळ प्लँक, हे नंतर.

आणि दिवसभरातलं: पलंगावरून सरळ उठू नका, कुशीवर वळून हातावर भार देऊन उठा. पाण्याची बादली किंवा बाळ उचलताना श्वास रोखू नका, उचलताना श्वास सोडा. एवढ्यानं कंबरेला फरक पडतो. शिंकताना, हसताना लघवीचा थेंब जात असेल तर लाजून लपवू नका. तो बाळंतपणातून आलेला स्नायूंचा अशक्तपणा आहे, व्यायामानं बऱ्याच जणींचं थांबतं.

पट्टा बांधल्यानं चरबी वितळत नाही. सिझरनंतर सुरुवातीला उठता-बसता आधार वाटतो, तेवढ्यापुरता ठीक. खूप आवळून दिवसभर बांधला तर दाब खाली ओटीपोटावर येतो, ते नको. टाक्यांभोवतीचा बधिरपणा सिझरनंतर पुष्कळ जणींना असतो. त्वचेतल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या सावकाश भरतात, काही भाग कायमचाही राहू शकतो. व्रण पूर्ण भरला आहे, तेव्हा बोटांनी तेल लावून हलकी मालिश करायला हरकत नाही.

अजून एक, आणि हे माझ्या विषयातलं नाही, पण विचारते. थकवा आणि केस म्हणालात. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलंय का? बाळंतपणानंतरच्या वर्षभरात काहीजणींच्या थायरॉइडला सूज येते. आधी तो जास्त काम करतो, मग कमी. कमी झाला की वजन हलत नाही, थकवा येतो, केस गळतात. केस तसेही बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गळतात आणि नंतर परत येतात. पण तुम्ही तपासून घ्या. गरोदरपणात साखर वाढली होती का? वाढली असेल तर बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ग्लुकोज पिऊन करायची तपासणी झाली असायला हवी. झाली नसेल तर आताही करा.

पारोळ्याची लेक

ताई, तुमचं वाचून दार लावून तपासलं. बेंबीच्या वर तीन बोटं बसली. खाली दोन. साखर नव्हती वाढली. लघवीचं म्हणालात तेही आहे, कोणाला सांगितलं नव्हतं.

मला इतकं बरं वाटलं हे वाचून की काय सांगू. मी रोज स्वतःला आळशी म्हणत होते.

शनिवारी रक्त तपासायला जाते. खाण्याचं कोणी सांगेल का? लाडवांचं काय करू? आईला नको म्हटलं तर ती दुखावते.

गिरणाकाठ

मी लिहिते. भडगावकडची, घरची शेती आहे, दोन मुलं. दुसऱ्या वेळी माझंही ७०च्या वर गेलं होतं, म्हणून या विषयावर मला बोलायचंच आहे.

लाडवांपासून सुरुवात करू. अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले ६ महिने रोज ६०० कॅलरी जास्त लागतात, पुढचे ६ महिने ५२०. हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे आकडे आहेत. म्हणजे सासूबाई म्हणतात ते अर्धं खरं आहे, जास्त लागतं. पण किती? डिंकाचा एक लाडू ५० ग्रॅमचा धर. त्यात तूप, गूळ, खोबरं, खारीक, तळलेला डिंक. २०० ते २५० कॅलरी होतात. दोन लाडू आणि वर वाटीभर तुपातला शिरा झाला की दिवसभराचा वाढीव वाटा सकाळी आठालाच संपला. मग दुपारी वरणावर तूप, रात्री पोळीला तूप, बाळ उठलं की रात्री पुन्हा लाडू, हे सगळं वरचं. ते अंगावर बसणारच. पूर्वी बाळंतीण सव्वा महिन्यानं शेतात जायची, दळण-पाणी हातानं व्हायचं, तिला हे जिरत होतं. तू वर्गात उभी असतेस आणि बसनं येतेस-जातेस.

आणि दूध तुपानं वाढत नाही. बाळ जितक्या वेळा ओढतं तितकं दूध तयार होतं. खाणं जरा आवरलं म्हणून आटत नाही. उपाशी राहिलीस, पाणी कमी प्यालीस, तर तुझेच हाल होतील. साधारण १८०० कॅलरीच्या खाली जायचं नाही असं मला आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, आणि आठवड्याला अर्धा किलोच्या वर उतरवायचं नाही. आता तूच हिशोब कर. आखाजीपर्यंत ४ किलो, फार तर ५. महिन्यात ५ किलोवाल्या पावडरीचं नाव काढू नकोस.

मी काय खात होते ते सांगते, कारण मला कोणी ओट्स आणि किनोआ सांगितलं की मी ऐकणंच बंद करायचे. आपल्याकडचं खाणं चांगलं आहे, फक्त तेलाची धार बघायची.

सकाळी कळण्याची भाकरी. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं, त्यात उडदामुळे प्रथिनं येतात, आणि एका भाकरीत पोट भरतं. सोबत ठेचा नाही, पाजत होते म्हणून नव्हे, मला जळजळ व्हायची म्हणून. दही किंवा ताक, एक उकडलेलं अंडं. शाकाहारी असशील तर मूठभर भिजवलेले शेंगदाणे. दुपारी दादर ज्वारीची भाकरी, मेथी किंवा शेपू किंवा तांदूळजा, वाटीभर घट्ट वरण. आपण वरण पातळ करतो आणि भात जास्त घेतो, मी उलटं केलं, वरण दाट, भात चमचाभर. संध्याकाळी केळं किंवा फुटाणे. रात्री लवकर, भाकरी आणि उडदाचं घुटं किंवा मुगाची डाळ. आळिवाची खीर मी सोडली नाही, आळिवात लोह भरपूर असतं, फक्त गूळ कमी आणि नारळ चमचाभर.

शेवभाजी आणि वरण-बट्टी बंद केली नाही. आपल्या घरात पाहुणा आला की शेवभाजी होते, तू काय वेगळं ताट घेऊन बसशील? तर्री वरची वर काढून ठेवायची, शेव मूठभर, भाकरीशी खायची. बट्टी तळलेली असेल तर दोन, त्यावर तूप ओतायचं नाही. भरिताचा हंगाम असला की भरीत पोटभर, वांगं भाजलेलं असतं, त्यात शेंगदाणे आणि तेल किती घालतेस तेवढंच बघ. पुरीऐवजी भाकरी घे म्हणजे झालं.

आईचे लाडू परत पाठवू नकोस. तिला सांग, लिंबाएवढे वळ, गुळ-तूप निम्मं, बाकी भाजलेले तीळ, शेंगदाणे, आळीव, खारीक. दिवसाला एक. माझ्या आईला मी हेच सांगितलं, तिनं दोन दिवस अबोला धरला आणि मग स्वतःच चुलत वहिनीला तसे वळून पाठवले.

आता चालणं. सगळे म्हणतात चाल. आपल्याकडे सून सकाळी चपला घालून फिरायला निघाली की ओट्यावर बसलेल्या सगळ्या विचारतात, कुठं निघालीस? आणि होळी झाली की नऊनंतर ऊन बाहेर पाय ठेवू देत नाही, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ वर जातो. मी पहाटे, सूर्य वर यायच्या आत, शेजारच्या वहिनीला घेऊन मारुतीच्या पाराच्या पुढं पाटापर्यंत जायचे. दोघी असल्या की कोणी विचारत नाही. ज्या दिवशी मुलानं रात्र जागवली त्या दिवशी गेलेच नाही, संध्याकाळी जेवल्यावर घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, फेऱ्या घातल्या. जागतिक आरोग्य संघटना बाळंतिणीसाठीही आठवड्याला १५० मिनिटं सांगते. ती एकदम करायची नसतात. १० मिनिटं इकडं, १५ तिकडं, शाळेच्या बसथांब्याच्या एक थांबा आधी उतर. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगानं. फिजिओताईंनी सांगितलेले व्यायाम मात्र आधी, चालणं त्यांच्या जोडीला.

तुझा शेवटचा प्रश्न. तो मी दोनदा वाचला.

माझं झालं ते एका शिंपिणीमुळे. मी जुने ब्लाउज घेऊन गेले होते, उसवून द्या म्हणून. तिनं माप घेतलं आणि म्हणाली, बाई, हे राहू देत, दोन नवीन शिवा, पुढून हूकचे, पाजायलाही सोपे, आत चांगली माया ठेवते, कमी झालीस की आत घेईन. मी म्हटलं, कमी होणारच आहे, कशाला खर्च. ती म्हणाली, तोवर काय घालणार? मी मापाचे दोन सुती ब्लाउज शिवले. काखेत काचायचं थांबलं. दिवसभर पदर ओढून ओढून पोट झाकायचं सुटलं. वजन तेच होतं, एक किलोही उतरलेलं नव्हतं, पण मी सरळ उभी राहू लागले, आणि पाठ ताठ झाली तसं पोटही कमी दिसायला लागलं. जुने ब्लाउज मी पेटीत टाकले. कपाटात समोर टांगलेले असले की रोज सकाळी तेच बघून दिवस सुरू होतो.

म्हणून लग्नासाठी आजच्या मापाचे ब्लाउज आत्ता शिवायला टाक. लग्नसराईत शिंपी वेळेवर देत नाहीत, आणि "अजून महिना थांबू, तोवर उतरेल" करत बसलीस तर ऐनवेळी रडत बसशील. शालू नेसशील तेव्हा निऱ्या बेंबीच्या जरा वर खोच, टाक्यांवर गाठ येऊ देऊ नको, आणि परकराची नाडी पातळ दोरीची नको, रुंद पट्टीची शिव.

फोटोत पण ये. तुझी मुलगी मोठी झाली की उष्टावणाचा फोटो काढून बघेल, त्यात ती आईला शोधेल. तिला तुझी कंबर दिसणार नाही.

पोटावरच्या रेघांचं तू लिहिलं नाहीस, पण असतीलच. तांबड्या-जांभळ्या असतात त्या वर्ष-दीड वर्षात फिकट चंदेरी होतात. पूर्ण जात नाहीत, कुठल्याही मलमानं जात नाहीत. महागडी मलमं घेऊ नकोस, खोबरेल पुरे, खाज कमी होते.

धरणगावची आजी

पोरी, मला नातीनं हे वाचून दाखवलं आणि मी सांगते तसं ती लिहितेय.

त्या हळदीकुंकवाच्या बाईला पुढच्या वेळी हसून सांगायचं, "नई व माय, पोर सात महिनानी से, पोट उतरी हळूहळू." आणि वाण घेऊन शेजारी बसायचं, उठून यायचं नाही. तू उठून आलीस की त्यांना वाटतं आपण खरं बोललो. आमच्या वेळी पण बायका हेच विचारायच्या. मी चार बाळंतपणं केली, माझं पोट पहिल्यासारखं कधीच झालं नाही, आणि मी लुगडं नेसून सगळी लग्नं पुढं उभी राहून केली.

सासूला तू सांगू नकोस, डॉक्टरला सांगायला लाव. तपासायला जाशील तेव्हा तिला सोबत ने. आम्हा म्हाताऱ्यांना सुनेचं ऐकायला जड जातं, डॉक्टरचं ऐकतो. मी माझ्या सुनेच्या वेळी अशीच दवाखान्यात गेले आणि परत येताना मीच म्हटलं, तूप कमी करू.

आणि सुनेला झोपू द्या, हे तिला माझं नाव घेऊन सांग. लग्नघर आहे, पापड-कुरडया, रुखवत, पाहुणे. सात महिन्यांची बाळंतीण म्हणजे अजून बाळंतीणच. जड पातेली तुझ्याकडे नकोत.

अमळनेरचा जावई

पुरुषानं इथं लिहावं की नाही कळत नाही, पण दिव्याबद्दल वाचलं म्हणून लिहितो. माझी बायको पण असंच करायची. मी गप्प राहायचो, कारण वाटायचं, काही बोललो तर तिला अजून लागेल. तिला माझं गप्प राहणं म्हणजे नापसंती वाटत होती. ते मला तिनं खूप उशिरा सांगितलं. ताई, तुमच्या मिस्टरांना विचारा. ते जवळ येतात असं तुम्हीच लिहिलंय. त्यांना एवढंच सांगा की आत्ता मला माझंच अंग परकं वाटतंय, थोडं सावकाश. सिझरनंतर, पाजत असताना, कोरडेपणामुळे दुखतंही, तेही सांगा, डॉक्टरांकडे त्याला उपाय आहेत.

आणि रात्रीचं एक उठणं त्यांच्याकडे द्या. मी द्यायला लागलो तेव्हा बायकोचं सकाळचं चालणं सुरू झालं.

नंदुरबारहून

मला एकच सांगायचंय. ताई, रडणं लग्नामुळे, ब्लाउजमुळे, काकूंमुळे असेल. पण रोज येत असेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, "मी नसले तरी चालेल" असं वाटत असेल, तर ते पोटाचं नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य पहिल्या वर्षात कधीही येऊ शकतं आणि त्याला औषध आहे, पाजताना घेता येतील अशी औषधंही आहेत. सरकारची टेली मानस म्हणून मोफत सेवा आहे, १४४१६ या नंबरवर, रात्री-दिवसा केव्हाही, मराठीत बोलतात. मी स्वतः फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी घाई केली नाही, मला पुरतं बोलू दिलं.

तुम्हाला हे नसेल तर उत्तमच. वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला असेल म्हणून लिहून ठेवलं.

पारोळ्याची लेक

नंदुरबारच्या ताई, तुमचं दोनदा वाचलं. तसं नाही आहे, झोप लागते, मुलीत मन रमतं. नंबर मात्र लिहून ठेवलाय, शाळेतल्या एका मैत्रिणीला द्यायचा आहे.

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ९.६. थायरॉइड ठीक. सासूबाईंना सोबत नेलं होतं, आजी. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्या हिमोग्लोबिनवर ती दमणारच, वजन नंतर बघू, आधी रक्त भरू. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर ६ महिने घ्यायच्या असतात, मी दुसऱ्या महिन्यातच बद्धकोष्ठ होतं म्हणून थांबवल्या होत्या, ते ऐकून सासूबाईच म्हणाल्या, मी रोज हातात देईन. बाहेर आल्यावर त्यांनी स्वतःहून विचारलं की मग लाडू किती द्यायचा. एक, मी म्हटलं. बरं, म्हणाल्या.

फिजिओताई, जळगावला एका बाईंकडे पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली आहे. कुशीवर वळून उठायला लागल्यापासून सकाळची कंबर खरंच कमी दुखते.

ब्लाउज शिवायला टाकले, तीन. पुढून हूक.

ह्यांच्याशी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. जावईबापू, आभारी आहे.

गिरणाकाठच्या ताई, कळण्याची भाकरी सकाळी साडेसहाच्या आत कशी करायची? माझी बस सात दहाला असते. आणि लोहाची गोळी केव्हा घेऊ, सकाळी चहा लागतोच.

गिरणाकाठ

गोळी चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नको, लोह अंगी लागत नाही. दुपारच्या जेवणानंतर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर घे, शाळेत सुट्टी असतेच. पोटाला त्रास झाला तर परत थांबवू नकोस, डॉक्टरांना सांग, दुसऱ्या प्रकारची देतात. भिजवलेलं अंजीर, पेरू, पालेभाजी आणि पाणी यानं बद्धकोष्ठाला उतार पडतो.

भाकरीचं: रात्रीच तीन थापून ठेव. कळण्याची भाकरी शिळी जास्त चांगली लागते, सकाळी तव्यावर नुसती गरम कर आणि दह्याशी खा. वेळच नसेल तर ताकात कुस्करून मीठ-जिरं घाल, उभ्या उभ्या खाता येते. कळण्याचं पीठ गिरणीत वेगळं दळून घे, ज्वारी चार वाट्या असली तर उडीद एक वाटी, सालासकट. मीठ दळतानाच घालतात. बाजारचं तयार पीठ आणू नकोस, त्यात उडीद किती आहे कळत नाही.

तिसरा ब्लाउज कुठल्या रंगाचा शिवतेस? शालू हिरवा असेल तर काठाचा घे.